बडनेऱ्याच्या बोगद्यातल्या बांगड्या

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळातली गोष्ट. बडनेऱ्याच्या स्टेशनाखालचा बोगदा, खरं सांगायचं तर, माणसानं जायच्या लायकीचा नव्हता. आत काळोख, भिंतींना ओल आणि नाक दाबून जावं अशी घाण. त्यापेक्षा माळणी डोक्यावर भाजीची टोपली घेऊन सरळ वरून रूळ ओलांडायच्या. त्यांच्यातल्याच जयवंता माळणीचा नवरा पुंजारामही तसाच गेला. वांग्यांच्या टोपलीआडून त्याला मालगाडी दिसलीच नाही. जागच्या जागी संपला बिचारा.

जयवंता रडत बसणारी बाई नव्हती. तेरावं उरकलं आणि तिनं मनाशी पक्कं केलं, बोगदा असा करायचा की बायांनी खुशीनं त्यातून जावं. स्टेशनमास्तरांनी आधी उडवूनच लावलं. पण ही रोज सकाळी त्यांच्या दारात उभी! शेवटी कंटाळून ते हो म्हणाले. मग तिनं भिंती घासल्या, चुना मळला, चहावाल्याच्या फुटक्या कपबशा आणि कासाराकडचे बांगड्यांचे तुकडे गोळा केले, अन् ओल्या चुन्यात एकेक दाबत गेली. काय हिकमत बाईची! केळी झाल्या, झेंडू झाले, मोरसुद्धा झाला. जरा कोंबड्यासारखा दिसायचा, पण झाला. सकाळचं ऊन आत शिरलं की सारी भिंत लखलखायची.

आणि बाया? आत पाऊल टाकायला कोणी तयार नाही. बांगडी फुटली हा शब्दसुद्धा तोंडातून न काढणाऱ्या त्या, अन् इथं भिंतभर फुटक्या बांगड्या! असल्या अपशकुनातून कोण जाईल? तिची पोटुशी शेजारीण सुभद्रा टोपली घेऊन रुळांकडे वळली. तिकडे गाडी येण्याचा सिग्नल पडलेला. जयवंता धावत जाऊन आडवी उभी राहिली.

"कोनाच्या बांगड्या हायेत ह्या?" सुभद्रानं विचारलं.

साऱ्या कासाराकडच्या, असं सांगून मोकळं होता आलं असतं. जयवंताला ते जमलं नाही.

"हिरव्या माह्या हायेत. धनी वरून गेले त्या दिवशीच्या. तुह्या हातातल्या हातातच राहाव्या म्हनून लावल्या मी."

सुभद्रानं पदर खोचला, टोपली सावरली आणि ती बोगद्यात शिरली. मागून तिची सासू गेली, मग बाकीच्या साऱ्या. त्या आत असतानाच डोक्यावरून मालगाडी धडधडत गेली.