दिव्याभोवतीचे कडे

माझ्या बहिणीची दृष्टी एका रोगाने गेली, असे आमच्या घरात सांगितले जाते. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. त्या रोगाला मी आठ महिने देवाचे दर्शन म्हणत होतो, आणि तेवढ्या अवधीत उपचाराची वेळ निघून गेली. लोकांसमोर हे मी एकदाच बोललो आहे. लिहून ठेवतो आहे ते आज, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

तेव्हा आम्ही कल्याणास तळ्याच्या बाजूला राहत होतो आणि मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी. विसाव्या वर्षी विधवा होऊन ती माझ्याकडे आली आणि घरातले दळण, पाणी, सोवळ्यातला स्वयंपाक तिच्या अंगावर पडला. मी कचेरीस निघालो की ती आपण होऊन माजघरात सरे. निघताना मला तिचे तोंड दिसू नये म्हणून. तसे कर, असे मी तिला कधी सांगितले नव्हते. तसे करू नकोस, असेही कधी सांगितले नाही.

शहाडास नदीकाठी एक वृद्ध सत्पुरुष राहत. त्यांच्याकडून मी ध्यानाचा उपदेश घेतला होता. देव बाहेर शोधू नका, डोळे मिटून बसा, आणि जो पाहतो आहे त्याच्याकडे पाहा, एवढेच त्यांचे सांगणे. सात वर्षे मी रोज पहाटे बसलो. मला कचेरीतले कागद दिसत, वरिष्ठांचा चेहरा दिसे, गुडघे दुखत. बरोबरच्या कोणाला ठिणग्या दिसल्या, कोणाला निळा बिंदू दिसला, असे ऐकले की मी आदराने मान डोलवी आणि त्या दिवशी मला जेवण जात नसे. बहिणीला ध्यान शिकवले ते मी उपकार म्हणून. ती बसू लागली, आणि कोणाला तरी आपण बसवू शकतो याचेच मला समाधान वाटू लागले.

कार्तिकातल्या एका संध्याकाळी देवापुढे समई लावून ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, ज्योतीभोवती कडं दिसतं. तांबडं, हिरवं, इंद्रधनुष्यासारखं. हे काय असेल रे?"

मला प्रथम मत्सर वाटला. हे लिहिताना हात अडतो, परंतु क्रम तोच होता. आनंद मागाहून झाला. मी तिला सांगितले की अंतरातला प्रकाश आता प्रकट होऊ लागला आहे. कपाळ ठणकते, असे ती म्हणाली. शक्ती वर चढते आहे, असे मी म्हणालो, आणि ध्यानाचा वेळ वाढवायला सांगितले.

मग मी ही गोष्ट दोन स्नेह्यांच्या कानावर घातली. तिसऱ्या दिवसापासून आळीतल्या बायका येऊ लागल्या. मंगलकार्याला निघताना ज्या तिला टाळत, त्याच सवाशिणी आता तिच्या पायांवर डोके ठेवीत. आरंभी ती पाय आखडून घेई. पुढे तिने ते सोडून दिले. मी ओटीवर बसून ध्यानमार्गाविषयी बोलत असे, आणि बायकांबरोबर आलेले पुरुष ते ऐकून घेत.

फाल्गुनात ती चालताना अडखळू लागली. माझी पत्नी फारशी बोलणारी नव्हती, पण एकदा वाढता वाढता म्हणाली, "वन्संना ब्रह्म दिसतं आणि उंबरठा दिसत नाही. इकडे पटतं का हे?" बाहेरची दृष्टी मिटल्यावाचून आतली उघडत नाही, असे उत्तर मी दिले.  दुसऱ्या दिवशी पाहतो तो घरातल्या प्रत्येक उंबरठ्यावर तिने चुन्याचा जाड पट्टा ओढलेला.

आषाढात एका सकाळी बहीण डोके धरून खाली बसली. तिला उलट्या होऊ लागल्या. डोळे गुंजेसारखे लाल झाले होते आणि बुबुळांवर धुके धरल्यासारखे दिसत होते. आम्ही तिला ठाण्यास एका देशी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिच्या मिटल्या पापण्या बोटांनी दाबून पाहिल्या आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती का, म्हणून विचारले. मी तोंड उघडण्यापूर्वी तीच म्हणाली, "कार्तिकापासून."

"काचबिंदूची ती पहिली खूण," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा आला असतात तर शस्त्रक्रिया करून पाहता आलं असतं."

डावा डोळा तोवर गेलाच होता. उजव्यासाठी मुंबईस नेऊन शस्त्रक्रिया करविली. भाद्रपदापर्यंत तोही गेला.

मी शहाडास गेलो. दोषाचा काही भाग त्या वृद्धाच्या पदरी टाकता येईल, अशी आशा मनात होती. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एकच विचारले, "ते कडं डोळे मिटल्यावर दिसायचं, की उघडे असताना?"

मला सांगता येईना. आठ महिन्यांत मी हे तिला एकदाही विचारले नव्हते. घरी येऊन विचारले तेव्हा ती म्हणाली, "उघडे असताना. मिटल्यावर काहीच नसायचं." मग म्हणाली, "मलाही संशय आला होता. पण मला पुन्हा माजघरात जायचं नव्हतं."

बायका तरीही येतच होत्या. अंधत्व हीच सिद्धीची पूर्णता, अशी आता त्यांची समजूत झाली होती. बहीण मला म्हणाली, त्यांना खरे काय ते सांग. लोक तुला हसतील, असे मी म्हटले. भय माझे मलाच होते.

"हसू देत. त्यांच्यातली एखादी उद्या दुखऱ्या डोळ्यांची पोर अशीच दिव्यापुढे बसवील."

पुढच्या गुरुवारी मी ओटीवर उभा राहिलो आणि काहीही न लपविता सांगितले. कोणी हसले नाही. एका बाईने नुकताच ठेवलेला नारळ उचलून पदराखाली घेतला. त्यानंतर कोणी आले नाही. त्या दिवशी बहीण भिंत चाचपीत माजघरात गेली, आणि या खेपेस तिला तेथे मीच धाडले होते.

आम्ही दोघे भावंडे अजून पहाटे बसतो. जो पाहतो आहे त्याच्याकडे पाहा, या सांगण्याचा अर्थ मला आता थोडा कळतो. डोळे मिटले की ओटीवर बसून बोलणारा तो मनुष्य समोर येतो. त्याच्यावरून नजर काढायची नाही, एवढीच माझी साधना उरली आहे. तिचे निराळे असावे. बसून उठल्यावर कधी कधी तिच्या चेहऱ्यावर अशी शांती असते की माझी पत्नी हातातली घागर तशीच धरून तिच्याकडे पाहत राहते.

गेल्या वर्षी मी धीर करून बहिणीला विचारले, आत तुला काय अनुभवास येते? 

"आहे काहीतरी," ती म्हणाली. "पण ते मी तुला सांगणार नाही, दादा."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी पुन्हा विचारले नाही.