समेट नको, सांधा

काशीबाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मी नाय सही करायची."

जव्हारच्या समुपदेशन केंद्रात मी काउन्सेलर आहे. घरातली भांडणं कोर्टात जाण्याआधी आमच्याकडे येतात. काशीबाई दाभोशाच्या. नवरा गेल्यावर दिराशी बिनसलं. चूल वेगळी झाली, भाताच्या लावणीलाही त्यांना कुणी बोलावेना. तीन बैठकांनंतर दीर कबूल झाला. वहिनी याच घरात राहणार, भात-नाचणी दोघांनी मिळून करायची.

मी तडजोडनामा वाचून दाखवला. तडजोडनामा म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या गोष्टींचा कागद. शेवटची ओळ छापील होती : 'उभय पक्षांत समेट झाला आहे.' तिथेच त्या अडल्या.

दीर चिडला. त्याला मी चहाला बाहेर पाठवलं आणि काशीबाईंना विचारलं, काय खटकलं?

"ठाण्याला बिगारीला होतो. काम सरलं की मुकादम बोलायचा, सामान समेटो. मंग आमी गठुडं बांधून निघायचो. आता घरातून पन निघू?"

आपला समेट दिलजमाईचा, हिंदीतलं समेटणं आवराआवरीचं. ज्या कागदाने त्यांचं घर राखलं, तोच त्यांना घराबाहेर काढत होता.

मग तुटलेलं जोडण्याला त्यांचा शब्द कोणता, याची मला उत्सुकता लागली. विहिरीचा दोर तुटला तर तुम्ही काय करता, मी विचारलं.

"सांधतो."

कपाटातला शब्दकोश काढला. सांधणे संस्कृतातून आलेलं. सम् म्हणजे एकत्र, धा म्हणजे ठेवणे. गुडघ्याचा सांधा त्यातलाच, व्याकरणातला संधीही. आणि दोन राजांमधला तह, त्यालाही संधीच म्हणत.

'समेट'ऐवजी 'सांधलं' लिहू का, असं मी केंद्राच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, फॉरमॅट बदलता येत नाही.

"सर, संधी म्हणजे तह. कागदावर शोभेल असाच शब्द आहे."

त्यांनी शब्दकोशाचं पान स्वतः वाचलं. "बरं. छापील ओळ खोडा, शेजारी दोघांच्या सह्या घ्या."

मी हाताने लिहिलं : 'तुटलेलं घर आम्ही सांधलं आहे. काशीबाई याच घरात राहतील.' दिराला आत बोलावून सगळं सांगितलं. तो वहिनीकडे वळला.

"तुला घालवायचं असतं तर मी तीनदा जीपने कशाला आलो असतो?"

काशीबाईंनी पेन उचललं. सही केली.

फॉलोअपला गेले तेव्हा चुली अजून दोनच होत्या. लावणी मात्र एकत्र झाली होती.

तेव्हापासून कागद वाचून झाल्यावर मी 'समजलं का' असं विचारत नाही. 'काय समजलं' असं विचारते. वेळ जास्त जातो.