रिक्षातली दवंडी

आखातातल्या कोर्टाचा हुकूम तेलंगणातल्या बेल्याजवळच्या आमच्या गावात येऊन पोचेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण आला. मावशीचा मुलगा तिकडे ड्रायव्हर म्हणून गेला, नशेच्या मालाच्या धंद्यात सापडला, त्याला शिक्षा झाली. त्या पैशातून इथं बांधलेलं स्लॅबचं घर जप्त करा, असं तिथल्या कोर्टानं कळवलं. पूर्वी असा कागद फायलीत पडून राहायचा. आता कायद्यात दुरुस्ती झाली आहे, बाहेरच्या कोर्टाची जप्तीही आपल्यालाच अमलात आणावी लागते, असं तहसीलदार साहेब तेलुगूत म्हणाले आणि फाइल माझ्याकडे सरकवली. मी महसुलातला कारकून. मावशी सख्खी नव्हे, आमच्याच वस्तीतली, पण तिच्या हातची भाकर खाऊन मी वाढलो.

दारावर नोटीस चिकटवायची, इथवर ठीक. पण कायदा कितीही नवा झाला तरी जप्तीची दवंडी वाजवून द्यायची, ही अट जुनीच राहिली होती. ते वाचलं आणि माझं कामात लक्ष लागेना. खुर्चीवरून उठायचो, बाहेर चहा सांगायचो, तो तसाच टाकून परत यायचो. डफडं वाजवून दवंडी देणं हे गावानं पिढ्यानपिढ्या आमच्या घरावर लादलेलं काम. बापानं धम्म घेतला तेव्हा डफडं चावडीच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. त्या वर्षी आम्हाला कुणी कापूस वेचायला बोलावलं नाही.

जप्तीच्या दिवशी वाजवणारा कुणी मिळेना. चावडीपाशी बसलेला एक म्हातारा शेतकरी अगदी मदत केल्यासारखं म्हणाला, "काऊन शोधून राह्यले? तुमच्याच घरचं काम होतं ना ते."

रागानं माझे कान तापले. "माह्या बापानं सोडलं ते," मी म्हणालो. "मी नाही वाजवत." साहेबांनाही तेच तेलुगूत सांगितलं. नोकरी गेली तर जाऊ दे, असंही त्या क्षणी वाटून गेलं.

साहेब माणूस बरा. म्हणाले, मग माइकवाली रिक्षा बोलवा, तीही चालेल. फक्त मजकूर मराठीत हवा होता, आणि आमच्या कचेरीत धड मराठी बोलणारा मी एकटाच. मी खुशीनं मोबाइलवर आवाज भरून दिला. मसुद्याला सुरुवात नव्हती, तोंडात आली ती केली. सुटलो एकदाचा, असं म्हणत नोटीस चिकटवायला मावशीकडे गेलो.

मावशी दारातच उभी होती. तिचं गाठोडं आधीच ओट्यावर येऊन पडलं होतं. कुठं जाणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी दाराला खळ लावत होतो तेवढ्यात रिक्षा गल्लीत शिरली आणि भोंग्यातून माझा आवाज यायला लागला. मावशी नोटिशीकडे बघतच नव्हती. डोळे मिटून ऐकत होती.

"आवाज चांगला हाये बाबू तुहा," ती म्हणाली. "तुह्या बापाचाबी असाच होता."

रिक्षा वळून पुढच्या गल्लीत गेली, आणि तिथून मीच पुन्हा ओरडलो, "ऐका हो ऐका."