इटलीची रायफल की अमेरिकेची?

एकाच खुळाची माणसं दर शनिवारी भेटू लागली, की किस्से आपोआप साचतात. आमचे सांगताना मात्र मान खाली जाते.

खूळ असं: दीडशे वर्षांपूर्वीच्या एकेरी गोळीच्या रायफली. लिव्हर ओढून एक गोळी हाताने भरायची, झाडायची, की पुन्हा लिव्हर ओढून दुसरी. तशाच हुबेहूब रायफली आज इटलीत बनतात, अमेरिकेतही बनतात. कुणाची सरस, यावर आम्ही परदेशात स्थायिक झालेले तिघं मराठी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, भांडतो. फडके बँकेतला, तो इटलीचा. घाटे आयटीतला, तो अमेरिकेचा. मी ऑडिटवाला, जो जिंकेल त्याचा! यंदापर्यंत तिघांपैकी कुणीही रायफलीला कधी हात लावलेला नव्हता. घरात ठेवायची म्हटली, तर इथला कायदा आयुष्यातून उठवेल.

*

एकदा फडकेने नेम कसा धरायचा ते छत्रीने दाखवलं. समोरच्या आंटीने मुकाट्याने आपला नूडल्सचा बाउल उचलला आणि लांबच्या टेबलावर जाऊन बसली. फडके सॉरी म्हणायला मागोमाग गेला. छत्री हातातच!

*

बुकित पंजांगला फडकेच्या फ्लॅटवर त्याच्या मुलीला मैत्रिणीने विचारलं, तुझ्या पप्पांकडे खरी रायफल आहे का?

"नो लाह," मुलगी इथल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "ही ओन्ली कंपेअर."

आम्ही तिघं तिथेच सोफ्यावर बसलो होतो. कुणी वर बघितलं नाही.

*

घाटेचा खांदा धरला. कशामुळे, असं नोव्हेनाच्या डॉक्टरने विचारलं. घाटे पटकन "रायफल" म्हणून गेला. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मग कबूल करावं लागलं, की घरी मॉप खांद्याला लावून सराव चालतो. वहिनी शेजारीच होत्या.

"रोज हातात घेतात," त्या म्हणाल्या, "पण लादी कधी पुसत नाहीत."

*

यंदा घाटे टेक्सासला भावाकडे गेला. भावाच्या शेजाऱ्याकडे दोन्ही रायफली होत्या, इटलीची आणि अमेरिकेची! इतक्या वर्षांच्या भांडणाचा निकाल आता लागणार होता. हरलो तर पुन्हा इटलीचं नाव काढणार नाही, असं फडके सांगून बसला होता. त्याची झोपच उडाली.

घाटे परतला, पण शनिवारी येईना. शेवटी आम्हीच त्याला घरून उचलून आणलं. समोर चहा ठेवला, तेव्हा त्याने सांगायला सुरुवात केली. शेजारी त्याला शिकारीला घेऊन गेला होता. हरीण दिसलं आणि घाटेने गोळी झाडली.

"लागली," तो म्हणाला. "पण ते मेलं नाही रे. पाय झाडत होतं, माझ्याकडे बघत होतं. दुसरी गोळी भरायला गेलो, तर लिव्हरच उघडेना. हातच चालेनात माझे. शेवटी शेजाऱ्याने..."

इतकी वर्षं आपण कशावर भांडत होतो, या विचाराने माझी मलाच शरम वाटली. फडकेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"अमेरिकेची होती का?" त्याने हळूच विचारलं.