अनुपस्थितांच्या रकान्यात

दोन्या, म्हणजे बाई, एदुविहिस बावीस वर्षं रुग्णालयाच्या नीतिसमितीची इतिवृत्तं टंकत होती. आधी उपस्थितांची नावं, खाली अनुपस्थितांची, प्रत्येकापुढे गैरहजेरीचं कारण. मग चर्चा, शेवटी ठराव. डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या दक्षिणेतल्या त्या गावात इतकं स्वच्छ टंकन दुसऱ्या कुणाचं नव्हतं. सभासद न वाचताच सह्या ठोकत. याचा तिला अभिमान होता, त्या मंगळवारपर्यंत.

प्रश्न चार नंबरच्या खाटेचा होता. यानेलिस फेलिस, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, घरी दोन मुली. सतराव्या आठवड्यातच गर्भाचं पाणी गेलं होतं आणि ताप चढत चालला होता. गर्भ वाचणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण त्याचं हृदय अजून धडधडत होतं, आणि गर्भपातबंदीच्या कायद्यात अपवादाला जागा नव्हती.

ओळखपत्राचा नंबर उतरवून घ्यायला एदुविहिस खाटेपाशी गेली. यानेलिसचे ओठ तापाने फुटले होते.

"दोन्या, ती समितीची माणसं मला बघायला कधी येणार?"

"विचारते हं, पोरी."

सभेत पाद्री फेर्मिन पेरूच्या मुरंब्याची पेस्ट्री खात होते. "कृत्यच वाईट असेल तर त्यातून भलं काय होईल, हे बघायचंच कशाला? हां, औषध तापावर दिलं आणि गर्भ आपसूक गेला, तर आपला हेतू शुद्ध राहतो."

"त्या हेतूचं काय लोणचं घालायचंय?" वकील पेराल्ता म्हणाले. "एक जीव जाणारच आहे. दुसरा वाचला तर जगातलं दुःख तेवढं कमी. साधी बेरीज आहे, पाद्री."

"उद्या त्या बेरजेतून म्हाताऱ्यांना वजा कराल!"

"सुरुवात तुमच्यापासून!"

हशा पिकला. अध्यक्ष डॉक्टर मातोस डोळे पुसत म्हणाले, "देह तिचा, तर निर्णयही तिचाच, असंही एक मत आहे. दोन्या एदु, तेही घाला. इतिवृत्त भारदस्त दिसतं."

एदुविहिसने पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, ती तुम्हाला बोलावतेय. या भिंतीपलीकडेच आहे. ताप एकशे तीनच्या वर गेलाय."

"भावना इतिवृत्तात येत नाहीत, दोन्या," पाद्री बोटं चाटत म्हणाले. "हं, तर हेतू शुद्ध की नाही, हे ठरवायचं कुणी?"

त्यावर आणखी दीड तास गेला. मग परिचारिका दारात आली. गर्भाचं हृदय थांबलं होतं.

"सुटलो बुवा!" पेराल्तांनी पाय लांब केले. "देवानेच ठराव केला." डॉक्टर आता शस्त्रक्रियेला मोकळे झाले. पण विष रक्तात भिनलं होतं. दुपारी तीनला यानेलिस गेली.

एदुविहिसने टेबलावरच्या बशा गोळा केल्या. मुरंब्याचा चिकटा हाताला लागला. तिने दोनदा साबण लावला, तरी हात नाकाशी नेववेना. मग ती यंत्रापुढे बसली आणि नेहमीच्या क्रमाने टंकत गेली.

उपस्थित: तीन.

अनुपस्थित: यानेलिस फेलिस. कारण: बोलावलं नाही. अंतर: एक भिंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कागद पुढे ठेवला आणि बोट नेमकं त्या ओळीशेजारी टेकवलं. पाद्री जेवणाचं विचारत होते. तिघांनी एकामागोमाग एक, तिच्या बोटाला वळसा घालून, सह्या केल्या.