पंख्यातला झेंडू

आमचा डेस्कटॉप सुरू होताना लोगोवरच अडकायचा. रॅम काढून खोडरबरने घासली, तरी तेच! मग आतला पंखा बघितला, तर त्यात वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या! दर दसऱ्याला ताई पूजा करताना फटीत फुलं खोचायची ना, त्याच! सगळ्या झाडून घंटागाडीत टाकल्या आणि कॉम्प्युटर सुरू! लगेच ताईला सासरी फोन केला.

"तुझ्या झेंडूनेच पंखा अडवला होता गं!"

"बघ, मी सासरी आले तरी माझी पूजा चालूच! ठेवल्यास ना पाकळ्या?"

"टाकल्या."

"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

बिघाड समजून आपण काय काय झाडून टाकतो! कॉम्प्युटर आता झटकन सुरू होतो. त्याच्यासमोर ताटकळत ताईला आठवायलाही वेळ मिळत नाही.