अण्णाच्या खोलीपर्यंतची वायर

वैनीचा फोन आला तेव्हा मी कुंभकोणमच्या बसस्टँडजवळ कुरिअरवाल्याशी हुज्जत घालत होतो. चेन्नईहून यायची स्पीकरची वायर इतके दिवस अडकली कुठे, म्हणून. वैनी एवढंच म्हणाली, “रघू, हे गेले...” आणि मी मूर्खासारखी सही करून पार्सल ताब्यात घेतलं, मगच निघालो.

अण्णा माझा थोरला भाऊ. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि घरी नादस्वराच्या, म्हणजे आमच्याकडच्या लांब सनईच्या, तबकड्या ऐकल्या. उजवा कान तरुणपणीच गेलेला. पण डाव्या कानानं तो जे टिपायचा ते आम्हाला दोन्ही कानांनी कळत नसे. अर्धांगवायूनं तो मागच्या खोलीत खाटेला खिळला आणि त्याचं ऐकणं पुढच्या हॉलमध्येच राहिलं. दोन भिंतींपलीकडून त्याच्यापर्यंत नुसता तवील ढोलाचा धमधमाट पोचायचा. “नादस्वर कोठे गेलं रे?” असं विचारायचा. मला ते ऐकवेना, म्हणून स्पीकर त्याच्या खोलीत न्यायचं ठरवलं.

ठरवलं कसलं, घोळ घातला. या विषयातलं मला कळतं, ही माझी घमेंड. दोन्ही स्पीकरना सारख्याच लांबीची जाड वायर हवी, तीही भिंत खोदून आतून न्यायची, उघड्यावर लोंबता कामा नये. घरात होती ती वायर एकाच स्पीकरला पुरत होती.

“मग एकच लाव,” अण्णा म्हणाला.

“अर्धं वादन हरवेल, अण्णा.”

“मज कान तरी एकच अहे की रे.”

मी हसण्यावारी नेलं. वायर मागवली, गवंडी ठरवला. गवंडी आज येतो, उद्या येतो करत राहिला आणि मीही त्याची वाट पाहत राहिलो... तीन आठवडे गेले. तासाभराचं काम होतं. घरातलीच वायर जमिनीवरून ओढून एक स्पीकर लावला असता तरी चाललं असतं. हे मला आता सुचतं, आता सुचून काय उपयोग?

दिवसवार झाल्यावर एका दुपारी गेलो. वैनी रिकामी खाट पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, “हे डाव्या कुशीस वळतच नव्हते, रघू. उजवीकडे पाठीला, कमरेला जखमा झाल्या, डॉक्टर रागावले, तरी नाही. म्हणायचे, रघू केव्हाही सुरू करेल, कान वर राहू दे...”

तिनं मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून मला उजव्या कुशीवर पडवत नाही.